टॉर्क कन्व्हर्टर बसला, तरी बेल हाऊसिंग ब्लॉकला टेकत नाही. 16 मिमी फट. मदत हवी

खळ्यातला_फिटर (फैजपूर) · 11 मे, रात्री 10:42

राम राम मंडळी. गाडीचं नाव मुद्दाम टाकत नाही. मागच्या धाग्यात टाकलं होतं, तर पुढचे चाळीस प्रतिसाद कोणती कंपनी भारी यावरच गेले. चॅसिसवाली डिझेल गाडी, मागच्या चाकांना ड्राइव्ह, ऑटोमॅटिक, 2 लाख 30 हजार किलोमीटर चाललेली. एवढं पुरे.

हिवाळ्यात इंजिनानं मान टाकली. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड सगळं केलं. क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणखी घासण्याच्या लायकीचा राहिला नव्हता, म्हणून मशीन शॉपवाल्यानं त्याच इंजिनाचा दुसरा क्रँक आणून घातला. उतरवलंच आहे तर म्हणून गिअरबॉक्सही खोलला, आतल्या क्लच प्लेटा काळ्या पडल्या होत्या, त्या बदलल्या. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा गोल डबा, एका जाणकाराकडून कापून, धुऊन, परत वेल्ड करून आणला.

आज सकाळपासून खळ्यात चैन कुप्पी लावून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायचा खेळ चालू आहे. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवला, गोल फिरतो, मला वाटलं बसला. पण बेल हाऊसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच, इंजिनाच्या ब्लॉकपासून 16 मिमीवर येऊन थांबतं. जागा जुळवणाऱ्या डॉवेल पिना भोकांपर्यंतही पोचत नाहीत. मदतीला आलेला फिटर म्हणतो, "दादा, लांब बोल्ट घाला, चारी बाजूंनी सारखे आवळा, आपोआप ओढलं जाईल." त्यानं दोन बोल्ट घालून दीड-दोन आटे आवळलेही. नंतर पाना एकदम कडक झाला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

चूक केली का बरोबर केलं ते सांगा. गाडी 20 तारखेच्या लग्नाला हवी आहे, पण तो मुद्दा बाजूला ठेवा.

पांझरा_एक्सप्रेस (धुळे) · रात्री 11:03

भो, बोल्टघाई वढू नको. पयले हातघाई फिराय, मंग देख.

आता मराठीत सांगतो. माझी खोदाईची दोन मशीनं आहेत, त्यांतही टॉर्क कन्व्हर्टरच असतो. एका पावसाळ्यापूर्वी शेततळ्याचं काम अंगावर होतं, घाईत आम्ही हेच केलं, बोल्टांनी ओढलं. छान टेकलं. स्टार्टर मारला, कडकन आवाज, आणि गिअरबॉक्समध्ये प्रेशरच नाही. खोललं तर ऑइल पंपाच्या आतल्या गिअरचे दोन तुकडे. मशीन अकरा दिवस उभं. ऑपरेटरचा पगार, भाडं, शेतकऱ्याच्या शिव्या, सगळं माझ्या खात्यात.

नर्मदातीर · रात्री 11:10

हातघाईवर कशाला येता राव, साधा प्रश्न विचारलाय त्यांनी.

पांझरा_एक्सप्रेस (धुळे) · रात्री 11:12

अहो, अहिराणीत हातघाई म्हणजे "हातानं". भांडण नाही चाललं.

लेथवाला_भुसावळ · 12 मे, सकाळी 6:20

खळ्यातले दादा, हात धरलात ते उत्तम केलंत. बोल्ट सोडवा आणि दोन्ही वेगळं करा. बेल हाऊसिंग ब्लॉकला हातानं ढकलून टेकलं पाहिजे. बोल्ट फक्त टेकलेलं घट्ट धरायला असतात, ओढायला नाहीत. मी रेल्वेत तीस वर्षं फिटर होतो, तिथेही हाच नियम होता.

कन्व्हर्टर "फिरतो म्हणजे बसला" असं नसतं. तो तीन ठिकाणी बसावा लागतो. गिअरबॉक्समधून बाहेर आलेला इनपुट शाफ्ट आतल्या टर्बाइनच्या (तेलाच्या माऱ्यानं फिरणाऱ्या पंख्याच्या) स्प्लाइनमध्ये, म्हणजे उभ्या खाचांत, जातो, हे पहिलं. त्या शाफ्टभोवती न फिरणारी एक नळी असते, तिच्यावरच्या स्प्लाइनवर कन्व्हर्टरमधला स्टेटर (तेल वळवणारा मधला पंखा) बसतो, हे दुसरं. आणि सगळ्यात शेवटी कन्व्हर्टरच्या मागच्या मानेवर दोन खाचा किंवा दोन दाते असतात, ते पंपाच्या आतल्या गिअरमध्ये अडकतात. इंजिन चालू असताना पंप फिरवायचं काम ही मान करते. बहुतेकांची फसगत तिसऱ्यात होते, कारण पहिली दोन बसली की कन्व्हर्टर बराच आत गेलेला दिसतो, गोल फिरतो, आणि माणूस समाधानी होतो. मान मात्र पंपाच्या गिअरच्या तोंडावर नुसती टेकून असते. त्या अवस्थेत बोल्ट आवळले की सगळा दाब पंपावर. धुळेकरांचा गिअर असाच गेला.

आता करायचं असं. गिअरबॉक्स तोंड वर करून उभा करता आला तर निम्मं काम झालं, वजनच मदत करतं. आडवाच ठेवायचा असेल तर कन्व्हर्टर खालून किंचित उचलून धरा, लोंबला तर पुढचं ऑइल सील फाटतं. मानेला आणि सीलच्या ओठाला लाल तेल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) लावा. दोन्ही हातांनी आत दाबत सावकाश फिरवा, एकदा इकडे, एकदा तिकडे. प्रत्येक टप्प्याला "टक" होऊन तो आत घसरतो. शेवटचा टक हाताला स्पष्ट कळतो.

पण टकवर विश्वास ठेवू नका, मोजा. बेल हाऊसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवा. तिथून कन्व्हर्टरचे बोल्टाचे कान किती खोल आहेत ते व्हर्निअरनं घ्या. मग इंजिनाच्या बाजूला, ब्लॉकच्या तोंडापासून फ्लेक्स प्लेटचा (क्रँकला लागलेल्या, कन्व्हर्टर जिला बोल्ट होतो त्या पातळ चकतीचा) बोल्टाचा पृष्ठभाग किती बाहेर आला आहे तेही घ्या. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उरतं ते अंतर. जोडल्यावर कन्व्हर्टर मागे ढकललेला असताना कान आणि प्लेट यांच्यात साधारण 3 ते 5 मिमी मोकळं हवं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल. मग कन्व्हर्टर तेवढा पुढे ओढून प्लेटला बोल्ट करायचा. अंतर शून्य निघालं तर गाडी पंप खाणार. फारच जास्त निघालं तर मान पंपात जेमतेम अडकेल.

बसवण्याआधीचाही आकडा आत्ताच घेऊन ठेवा. पुढे लागेल.

नवशिक्या_अमळनेर · सकाळी 9:15

धाग्यात घुसतो, माफ करा. माझ्या गाडीत एएमटी आहे. त्यातही हा कन्व्हर्टर असतो का? सर्व्हिस सेंटरवाला "ऑटोमॅटिक ऑइल बदला" म्हणतोय.

पांझरा_एक्सप्रेस (धुळे) · सकाळी 9:31

नाही. एएमटीत नेहमीचाच क्लच आणि नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या पायाऐवजी यंत्र असतं. 2014 च्या सेलेरियोपासून आपल्याकडे ते स्वस्त गाड्यांत पसरलं. तुमच्या पुस्तकात गिअर ऑइलचा जो ग्रेड दिला असेल तोच मागा.

माहितीवीर · सकाळी 9:40

द्रवातून ताकद पोचवण्याची ही युक्ती जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांची, 1905 चं पेटंट, तेही जहाजांसाठी. गाड्यांत ती बऱ्याच नंतर आली. नुसतं फ्लुइड कपलिंग जेवढा टॉर्क घेतं तेवढाच देतं. मध्ये स्टेटर टाकला की टर्बाइनमधून परत येणारं तेल योग्य दिशेला वळतं आणि गाडी उठताना टॉर्क वाढतो, म्हणून नावात "कन्व्हर्टर"...

पांझरा_एक्सप्रेस (धुळे) · सकाळी 9:44

वीर, माहिती एक नंबर, पण दादाची गाडी कुप्पीला टांगलीय.

खळ्यातला_फिटर (फैजपूर) · 12 मे, दुपारी 3:50

भुसावळकर काका, पाया पडतो. सकाळी उन्हं चढायच्या आत बसलो, कारण अकरानंतर खळ्यातल्या लोखंडाला हात लावता येत नाही, पाने पाण्याच्या बादलीत ठेवून वापरतोय.

सोडवून पहिला आकडा घेतला: पट्टीपासून कान 11 मिमी खोल. मग गिअरबॉक्स टायरवर उभा केला, तेल लावलं, दाबत फिरवत गेलो. पाच मिनिटं काहीच नाही. मुलगा म्हणाला, "पप्पा, मी बघू?" आणि त्यानं अर्धा फेरा उलटा फिरवताच टक. नुसता टक नाही, पूर्ण कन्व्हर्टर एकदम खाली बसला, माझी बोटं थोडक्यात वाचली. आता आकडा: 24 मिमी. म्हणजे 13 मिमी आत गेला.

ब्लॉकच्या तोंडापासून फ्लेक्स प्लेट: 20 मिमी. 24 वजा 20, म्हणजे 4. अगदी पुस्तकी. आनंदानं चहा झाला.

मग जोडायला घेतलं. आणि बेल हाऊसिंग 3 मिमीवर येऊन थांबलं! डॉवेल पिना भोकात शिरल्या आहेत, चारी बाजूंनी फट सारखी आहे, तिरकं नाही. कन्व्हर्टर मागे बसलेलाच आहे ना ते दोनदा तपासलं, 24 च. हिशेबानं 4 मिमी मोकळं राहायला हवं होतं, इथे उलट 3 मिमी फट आहे. डोकं चालत नाही.

फिटर पुन्हा म्हणतो, "तीनच मिमी आहे दादा, आता तर ओढूच." त्याला उसाचा रस प्यायला पाठवलं आहे.

सातपुडा_ड्रायव्हर · दुपारी 4:10

मध्ये वायरिंगचा गठ्ठा चेपला असेल. माझ्या भावाच्या गाडीत स्टार्टरची वायर अडकली होती, तासभर सापडली नाही.

गिरणाकाठ · दुपारी 4:22

डॉवेल पिनांना गंज असेल तर त्याही थांबवतात. पॉलिश पेपर मारा. आणि फ्लेक्स प्लेट उलटी लागली नाही ना? उलटी लागली की सगळी मापं बदलतात.

खळ्यातला_फिटर (फैजपूर) · दुपारी 4:40

वायर नाही, टॉर्च मारून सगळीकडे पाहिलं. डॉवेल चकचकीत केल्या, त्या सहज सरकतात. प्लेटची बाजू जुन्या फोटोवरून जुळवली, बरोबर आहे. ब्लॉक आणि बेलच्या मधला पातळ पत्रा जागेवर आहे, तो धरूनच 20 मोजले.

लेथवाला_भुसावळ · संध्याकाळी 7:05

आता तुमचेच आकडे वाचा.

आधी कान 11 खोल होते आणि फट 16 होती. बेरीज 27.
नंतर कान 24 खोल झाले आणि फट 3 राहिली. बेरीज 27.

दोन्ही वेळा कन्व्हर्टरचे कान ब्लॉकच्या तोंडापासून 27 मिमीवर असताना गाडी अडली. एक मिमीचाही फरक नाही. तुमची फ्लेक्स प्लेट तर 20 वर आहे. म्हणजे कान आणि प्लेट यांच्यात अजून 7 मिमी मोकळी हवा आहे, तरीही कन्व्हर्टर पुढे येत नाही. वायर चेपली असती किंवा डॉवेल अडकल्या असत्या तर बेल अडलं असतं, आणि कन्व्हर्टर 13 मिमी मागे सरकल्यानं बेरीज बदलली असती. ती बदलली नाही, म्हणजे अडतोय तो कन्व्हर्टरच. तोही कानांवर नाही.

मग तो कुठे अडेल? त्याला पुढे आणखी एकच अवयव आहे, मधलं नाक. ते फ्लेक्स प्लेटच्या मधल्या भोकातून क्रँकच्या मागच्या टोकातल्या खळग्यात जातं आणि कन्व्हर्टरला केंद्रात धरतं. तुमचा क्रँक बदललेला आहे, हे तुम्हीच सुरुवातीला लिहिलंय. कानांच्या पातळीपुढे नाक किती मिमी येतं ते मोजा. मग क्रँकच्या खळग्यात टॉर्च मारा आणि काय दिसतं ते सांगा.

पांझरा_एक्सप्रेस (धुळे) · संध्याकाळी 7:20

काका, दंडवत. मी 27 कडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

खळ्यातला_फिटर (फैजपूर) · रात्री 8:35

मंडळी, सापडलं.

नाक कानांपुढे 16 मिमी येतं. खळग्यात टॉर्च मारली तर आत चकचकीत, नवं कोरं बॉल बेअरिंग! प्लेटच्या पृष्ठभागापासून बरोबर 9 मिमीवर. 16 वजा 9, सात. काकांची 7 मिमी हवा जशीच्या तशी.

मशीन शॉपवाल्याला फोन केला. तो बिचारा उत्साहानं म्हणाला, "हो ना दादा, क्रँक मॅन्युअल गाडीचा होता, त्यातलं पायलट बेअरिंग आवाज करत होतं, म्हणून नवीन टाकून दिलं. त्याचे पैसे पण नाही लावले." मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्या बेअरिंगमध्ये बसतं. माझ्याकडे तिथे कन्व्हर्टरचं नाक जायचं आहे. माणसाशी काय भांडायचं, त्यानं भेट दिली.

आता हे काढायचं कसं? हातोडी-छिन्नी घातली तर खळगा खराब होईल.

गिरणाकाठ · रात्री 8:50

जुना उपाय: बेअरिंगच्या मागची पोकळी ग्रीसनं गच्च भरा, भोकात अगदी घट्ट बसेल असा गोल बार घ्या आणि हातोडीनं ठोका. ग्रीस मागून बेअरिंगला बाहेर ढकलतं. काही लोक ग्रीसऐवजी भिजवलेला पाव भरतात, नंतर साफ करायला सोपं जातं.

सातपुडा_ड्रायव्हर · रात्री 8:55

खान्देशात पाव? कळण्याची भाकरी भिजवा, बेअरिंगच काय, क्रँकही बाहेर येईल.

लेथवाला_भुसावळ · रात्री 9:10

ग्रीसचा उपाय बुशला छान चालतो. बॉल बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या मधून ग्रीस निसटतं, कधी निघतं, कधी नाही. आतून धरणारा पुलर मिळवा. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे नक्की असतो, पाणबुडी मोटारींची बेअरिंगं काढायला तो रोज तेच वापरतो. आत आधी चिंधी भरा म्हणजे कचरा पडणार नाही.

निघाल्यावर लगेच जोडायला धावू नका. मॅन्युअलचा क्रँक आहे, त्याचा खळगा आणि तुमच्या कन्व्हर्टरचं नाक एकाच मापाचं असेलच असं नाही. नाक सैल राहिलं तर कन्व्हर्टर केंद्रातून सरकेल, सील गळेल, फ्लेक्स प्लेटला चिरा जातील. हे माप व्हर्निअरनं घेऊ नका. नाकाला मायक्रोमीटर, खळग्याला बोअर गेज. नसेल तर लेथवर घेऊन या, मी दुकानातच असतो.

खळ्यातला_फिटर (फैजपूर) · 14 मे, रात्री 9:30

काल दिवसभर धाग्यावर येता आलं नाही.

पुलर आमच्या इथल्या मोटारवाल्याकडेच मिळाला. दहा मिनिटांत बेअरिंग हातात. 6202, म्हणजे बाहेरून 35 आणि आतून 15. कन्व्हर्टर रिक्षात टाकून भुसावळला नेला, खळग्याचं माप घ्यायला काका स्वतः माझ्याबरोबर खळ्यावर आले. नाक 34.96, खळगा 35.01. बुश करायची गरज पडली नाही. काकांनी पैसे घेतले नाहीत, भरीत-भाकरीवर मिटवलं.

मग पंपाचा प्रश्न. त्या दोन आट्यांत काही झालं असेल का? फिटर म्हणत होता, "कशाला खोलता, एवढ्यानं काही होत नाही." काका म्हणाले, "बाहेर आहे तोवर अर्ध्या दिवसाचं काम आहे, गाडीत बसल्यावर चार दिवसांचं." खोलला. आतल्या गिअरच्या तोंडावर मानेचा नखाएवढा चकाकता डाग होता, चीर नव्हती. ऑइल स्टोननं कड साफ केली. पुढच्या सीलचा ओठ मात्र एका जागी दुमडला होता. तो बाहेरून कधीच दिसला नसता. नवीन सील टाकलं.

आज सकाळी पुन्हा तीन टक, पुन्हा 24. कन्व्हर्टरमध्ये आधी लीटरभर लाल तेल ओतलं. कुलरच्या नळ्या आणि कुलर धुतला, त्यातून काळी भुकटी निघाली, जुन्या प्लेटांची. नाकाला ग्रीसचा हात लावला. आणि बेल हाऊसिंग ब्लॉकला नुसत्या हातानं, एका धक्क्यात, "थप्प" करून टेकलं. फिटर माझ्याकडे बघतोय, मी फिटरकडे.

लेथवाला_भुसावळ · रात्री 9:52

जोडल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरतो का आणि पुढेमागे 4 मिमी खेळतो का, हे पाहिलंत ना? आणि कन्व्हर्टरचे बोल्ट जुनेच वापरलेत ना? थोडे लांब बोल्ट घातले तर ते कव्हर आतून चेपतात, मग आतला लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) धरत नाही.

खळ्यातला_फिटर (फैजपूर) · रात्री 10:15

बेलचे सगळे बोल्ट आवळल्यावर स्टार्टरच्या भोकातून हात घालून फिरवला, मोकळा. खेळ सव्वाचार. जुनेच बोल्ट, सहाच्या सहा आधी हातानं लावले, मग पुढच्या पुलीला गोटी पाना लावून क्रँक फिरवत एकेक आवळला. क्रँकचा पुढेमागे खेळ डायल लावून कन्व्हर्टर जोडण्याआधी आणि नंतर घेतला, आकडा तोच, म्हणजे कन्व्हर्टर क्रँकला पुढे रेटत नाही.

सातपुडा_ड्रायव्हर · 17 मे, सकाळी 8:05

दादा, चालू झाली का?

खळ्यातला_फिटर (फैजपूर) · 18 मे, रात्री 11:20

झाली. पहिल्या स्टार्टला पाच सेकंद काहीच नाही, माझा घाम निघाला, मग गिअरबॉक्सनं तेल ओढलं. पायाखाली ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी थांबवत फिरवला, मग गरम झाल्यावर पुस्तकात दिल्याप्रमाणे तेलाची पातळी पाहिली, पाऊण लीटर आणखी घेतलं. आज बायको-पोरांना घेऊन पालपर्यंत जाऊन आलो. सातपुड्याच्या चढावर गिअर लोण्यासारखे पडले. परत आल्यावर खाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, एकही थेंब नाही.

लग्नाला जातोय 20 ला. फिटरही येतोय, त्याच्याच साडूच्या मुलीचं आहे.

नवशिक्या_अमळनेर · 19 मे, सकाळी 7:40

ते बेअरिंग कुठंय? आमचा सीलिंग फॅन खडखडतोय, त्यात 6202 च लागतं म्हणे.

खळ्यातला_फिटर (फैजपूर) · सकाळी 7:55

पुलरच्या भाड्यात मोटारवाल्याला दिलं. उशीर केलास.